मागे बसणाऱ्याचं वजन

आमच्या सिंदेवाहीच्या घरात ओसरीतल्या एका खिळ्याला मोटारसायकलचे दोन शॉकअप टांगलेले आहेत. जाड पिवळी स्प्रिंग, रंग अजून चकचकीत. जेमतेम सात आठवडे ते गाडीला होते. भंगारवाला दोनदा विचारून गेला, पण मी दिले नाहीत. दुसऱ्या कुणी ते घेऊन आपल्या गाडीला लावले तर, ही भीती एक. दुसरं म्हणजे येता-जाता त्यांच्यावर माझी नजर पडावी असं मला वाटतं. का, तेच आज सांगणार आहे.

आमचा धंदा बांगड्यांचा. अब्बा सायकलच्या कॅरिअरवर पेटी बांधून गावोगाव फिरत. लग्नसराईत अम्मीही सोबत जाई आणि घरोघरी बसून बायकांच्या हातात बांगड्या भरी. आता मी आठवडी बाजार करतो. कधी नवरगाव, कधी तळोधी, कधी मूलच्या वाटेवरचं राजोली. फिरोजाबादच्या काचेच्या बांगड्या, सोबत टिकल्या, क्लिपा, रिबिनी, म्हणजे बाजाराच्या भाषेत कटलरी. गाडी २०१० सालची स्प्लेंडर. टाकीवर अजून 'हीरो होंडा' असंच लिहिलेलं आहे. बाजाराच्या दिवशी तीच टेम्पो आणि बाकीच्या दिवशी तीच घरची सवारी. पोरीला कॉलेजात सोडायचं, बायकोला माहेरी न्यायचं, अम्मीला दवाखान्यात न्यायचं, सगळं तिच्यावरच.

आमच्याकडचे रस्ते ज्यांनी पाहिले नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगतो. सिंदेवाही हे धानाच्या पट्ट्यातलं गाव. भात संशोधन केंद्र इथेच आहे. एका बाजूला बांध्या, दुसऱ्या बाजूला जंगल. पश्चिमेला ताडोब्याचं जंगल लागतं आणि आमच्या ब्रह्मपुरी वनविभागातही वाघ आहेतच. पावसाळ्यात रस्त्याची कड खचते. धान कापणीच्या दिवसांत ट्रॅक्टरच्या चाकांचा चिखल डांबरावर येऊन वाळतो आणि दगडासारखा होतो. गावाच्या तोंडाशी ब्रेकर असतो, कधी पट्टे मारलेला, कधी नुसताच. आणि दिवस मावळायच्या आत जंगलाचा रस्ता ओलांडायचा, हा आमच्याकडच्या प्रत्येक बाजारकऱ्याचा नियम. मगरिबची अजान होताना मी गावात असलो की घरचे निश्चिंत असतात. उशीर झाला की अम्मी दारात खुर्ची टाकून बसते.

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यानंतर गाडीचे मागचे शॉकअप बसले. 'बसले' म्हणजे काय, ते गाडीवाल्यांना सांगायला नको. इतरांसाठी सांगतो. शॉकअपात दोन गोष्टी असतात. बाहेर दिसते ती स्प्रिंग आणि आतल्या नळीत तेल. माझ्या जुन्या जोडीच्या दांड्यांवरून तेल पाझरून धूळ चिकटली होती. पेट्या बांधल्या की मागचा मडगार्ड चाकाला टेकायला येई. खड्डा आला की 'खट्' असा आवाज थेट माझ्या मणक्यात. पंधरा दिवसांत दोनदा असं झालं की राजोलीहून येताना जंगलातच थांबून, दोरी सोडून, पेट्या पुन्हा बांधाव्या लागल्या. सूर्य झाडांच्या खाली गेलेला, रस्त्यावर कुणी नाही आणि मी खाली बसून दोरीच्या गाठी मारतोय. त्या दिवशी ठरवलं, आता शॉकअप बदलायचे. आणि असे बदलायचे की पुन्हा म्हणून बसायचे नाहीत.

मग विचारपूस सुरू केली. बाजारातल्या भांडीवाल्याला विचारलं, तर तो म्हणाला, कंपनीचे घेऊ नको, ते नवऱ्या-बायकोसाठी बनवलेले असतात, ओझ्यासाठी नाहीत. साडूभाऊ म्हणाले, दुसऱ्या गाडीचे गॅसवाले बसतात, मागे छोटी डबी असते ते. स्पेअर पार्टच्या दुकानात तीन जोड्या काउंटरवर आल्या. एक गाडीच्या कंपनीची. दुसरी डबीवाली, जी माझ्या गाडीच्या मापापेक्षा बोटभर लांब होती. दुकानदार म्हणाला, "मागून उंच दिसते भाई, पोरं हेच नेतात." आणि तिसरी ही पिवळी. तार माझ्या करंगळीएवढी जाड. दुकानदाराने ती जमिनीवर उभी करून तिच्यावर सगळा भार टाकला, तरी ती जेमतेम हलली. "दोन क्विंटल टाका, बसणार नाही." किंमतही कंपनीच्या जोडीपेक्षा कमी. माझं मन तिथेच ठरलं.

पहिले सात आठवडे मी खूश होतो. पेट्या बांधल्या तरी गाडी मागून खाली जात नव्हती. मडगार्ड टेकत नव्हता. एकटा असताना गाडी कडक लागायची, ब्रेकरवर मागचं चाक उडाल्यासारखं व्हायचं, पण मी म्हणायचो, मजबुतीची एवढी किंमत चालतेच. बांगड्यांची फूट वाढली होती हेही खरं. प्रत्येक बाजाराला डझन-दीड डझन तुकडे पेटीच्या तळाशी निघत. मी मालाला दोष दिला. या वेळी काच पातळ आली आहे, असं व्यापाऱ्याला फोनवर सुनावलंही.

थंडीचे दिवस होते. नवरगावला माझी खाला आजारी होती. अम्मी म्हणाली, "मला एकदा तिला पाहून येऊ दे." बस निघून गेली होती. मी म्हणालो, चल, गाडीवर नेतो. अम्मीचं वय तेव्हा सत्तरीच्या पुढे. साडी नेसते, म्हणून एका बाजूला बसते. एक हात माझ्या खांद्यावर, दुसऱ्या हाताने सीटची कड धरलेली. खालासाठी डब्यात शेवयांची खीर.

वाटेत एक छोटा पूल आहे. पुलाचा काठ आणि डांबर यांच्यामध्ये एक चर पडली होती आणि पूल संपताच दुसरी. वेग फार नव्हता, तीस-पस्तीस असेल. पहिल्या चरीवर गाडी वर आली, ती खाली टेकायच्या आत दुसरी आली. माझ्या खांद्यावरचा हात निसटला. अम्मी पडली नाही. ती सीटवरून वितभर वर उडाली आणि पुन्हा सीटवरच आदळली. बस, एवढंच. डबासुद्धा हातातून सुटला नाही. पण तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी आजवर ऐकला नव्हता.

गाडी थांबवली तेव्हा तिला उतरता येईना. म्हणाली, "काही नाही, कंबर लचकली. चल पुढे." ओरडायचं नाही, त्रास सांगायचा नाही, ही त्या पिढीची सवय. मी मूर्ख, तिला तशीच नवरगावला नेली. परत येताना एका ओळखीच्या माणसाच्या गाडीत मागच्या सीटवर आडवं झोपवून आणलं.

दुसऱ्या दिवशी चंद्रपूरला एक्स-रे झाला. डॉक्टरांनी फिल्म उजेडापुढे धरून दाखवली. कमरेच्या वरचा एक मणका पुढच्या बाजूने दबला होता. बाकीचे चौकोनी दिसत होते, हा पाचरीसारखा. मी विचारलं, "पण ती तर पडलीच नाही." डॉक्टर म्हणाले, "या वयात पडायला लागत नाही. हाडं आतून विरळ झालेली असतात. बायकांमध्ये पाळी गेल्यानंतर हे जास्त होतं. असा एक उभा दणकासुद्धा पुरतो." मग विचारलं, "कशावर बसल्या होत्या?" मी सांगितलं, मोटारसायकलवर. ते काही बोलले नाहीत. फक्त कागदावर लिहीत राहिले. पट्टा, औषधं, कॅल्शियम, आराम, आणि दोन-तीन महिने गाडीवर बसणं बंद.

घरी आल्यावर अम्मी पाठीवर पडून छताकडे पाहत असायची. कूस बदलताना ओठ घट्ट मिटायची. नमाज पडल्या पडल्या इशाऱ्याने अदा करायची. मी पाणी द्यायला गेलो की म्हणायची, "तुझा काय कसूर? रस्ताच तसा आहे." तिच्या त्या बोलण्याने मला जास्त टोचायचं. कारण रस्ता तर दहा वर्षांपासून तसाच होता. त्याच पुलावरून मी तिला कितीदा नेलं होतं. जुन्या शॉकअपवर गाडी खट्-खट् करायची, पण तिला कधी असं उडवलं नव्हतं. बदलली होती ती एकच गोष्ट आणि ती मी निवडली होती.

मी गाडी मूलला एका जुन्या मिस्त्रीकडे नेली. त्यांनी आधी सीटवर हात ठेवून मागून गाडी दाबली आणि सोडली. गाडी खाली थोडीशीच गेली, पण सोडताच झटक्याने वर आली आणि पुन्हा एकदा हलली. ते म्हणाले, "भाई, हे तं तराफा झाला. स्प्रिंग बैलाची हाय अन् तेल बकरीचं."

मग त्यांनी जे समजावलं ते मी माझ्या शब्दांत सांगतो. स्प्रिंग धक्का खात नाही. ती धक्का उधार घेते आणि जेवढा घेतला तेवढा परत करते. तो परत करताना एकदम करू नये, हळूहळू करावा, हे पाहायचं काम आतल्या तेलाचं. नळीतल्या बारीक छिद्रांतून तेल सरकतं, त्यात वेळ जातो आणि धक्क्याचा जोर तिथेच जिरतो. स्प्रिंग जेवढी कडक, तेवढं तिला आवरणारं आतलं काम दमदार लागतं. माझ्या पिवळ्या जोडीत नुसती तार जाड केली होती, आतली नळी तशीच हलकी. म्हणून पहिल्या चरीने जे घेतलं ते स्प्रिंगने झटक्यात परत फेकलं. त्याच क्षणी दुसरी चर आली आणि अम्मी वर गेली.

"आणखी एक," मिस्त्री म्हणाले. "तुम्ही स्प्रिंग ओझ्यासाठी घेतली. ओझं किती किलोचं?"

मला सांगता आलं नाही. पंधरा वर्षं पेट्या उचलतोय, पण वजन कधी केलं नव्हतं.

"अन् माँजींचं वजन?"

तेही माहीत नव्हतं.

मिस्त्री हसले नाहीत. म्हणाले, "मंग कशाच्या मापानं घेतली?"

त्या प्रश्नाचं उत्तर शोधताना माझ्या लक्षात आलं की मी भांडीवाल्याला विचारलं, साडूभाऊंना विचारलं, दुकानदाराला विचारलं. मशवरा सगळ्यांचा घेतला. ज्यांना त्या गाडीवर मागे बसायचं होतं त्या तिघींपैकी एकीलाही विचारलं नाही. गाडी माझी, धंदा माझा, तर शॉकअपही माझ्याच डोक्याने. खरं तर मागचा शॉकअप चालवणाऱ्यापेक्षा मागे बसणाऱ्याच्या जास्त वाट्याला येतो. मी दोन चाकांच्या मध्ये बसतो, मागचा माणूस जवळजवळ मागच्या चाकाच्या वर. मला खड्डा आधी दिसतो, मी पायावर जोर देऊन थोडा उचलला जातो. एका बाजूला बसलेल्या अम्मीला ना खड्डा दिसतो, ना दोन्ही पाय टेकवून उठता येतं.

घरी येऊन मी हे सगळं अम्मीला सांगितलं. आधीच विचारायला हवं होतं, असंही म्हणालो. ती बराच वेळ ऐकत राहिली आणि मग म्हणाली, "तुझ्या अब्बांच्या पेटीत बांगड्या कशा भरायचे, आठवतं?"

मला अंधूक आठवत होतं. तिने सांगितलं. धानाची तणस घ्यायची. तळाला जाड थर, मग बांगड्यांचे गुच्छ, मध्ये पुन्हा तणस. नवीन माणूस दोन चुका करतो. एक, तणस ठासून भरतो, म्हणजे माल हलणार नाही. मग सायकल आदळली की पेटीचा धक्का थेट काचेला. दुसरी, भीतीने सैल भरतो, मग काच काचेवर आपटते. "तणस अशी हवी की दाबली तर दबेल आणि सोडली तर हळू वर येईल. अब्बा झाकण लावायच्या आधी हाताने दाबून पाहायचे. काचेच्या बांगड्या घेऊन त्याच रस्त्याने फिरलो आम्ही सायकलवर. तू मला विचारलं असतंस तर ती पिवळी मी एकदा दाबूनच सांगितली असती."

मूलच्या मिस्त्रींनी जे सांगितलं तेच अम्मी पाठीवर पडून सांगत होती. तिने शॉकअपचं नावही नीट घेतलं नव्हतं.

मग आम्ही काम रीतीने करायला घेतलं. पेट्या गावातल्या राईस मिलच्या काट्यावर ठेवल्या. कॅरिअरसकट बासष्ट किलो भरल्या. मी अडुसष्ट. अम्मी उभी राहू लागल्यावर एके दिवशी तिलाही रिक्षाने काट्यावर नेलं. सत्तेचाळीस. मिलचा माणूस म्हणाला, "चाची, तुम्ही तं धानाच्या कट्ट्याएवढ्याच." अम्मी खूप दिवसांनी मोकळं हसली. बायको आणि पोरगीही काट्यावर चढल्या. घरातल्या सगळ्यांची वजनं आता पोरीच्या वहीत लिहिलेली आहेत.

पोरगी अकरावी सायन्सला आहे. तिच्या पुस्तकात हूक नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाचा नियम आहे. स्प्रिंगवर जेवढा जोर दुप्पट, तेवढी ती दुप्पट दबते. हूकने तो १६७८ साली छापला. पोरगी म्हणाली, "अब्बा, मोजूनच पाहू ना." मोजायची रीत सोपी आहे आणि कुणालाही घरी करता येते. गाडी मेन स्टँडवर लावून मागचं चाक अधांतरी करायचं. चाकाच्या मधल्या नटापासून सरळ वर सीटखालच्या एका खुणेपर्यंत टेपने माप घ्यायचं. मग गाडी खाली घेऊन, माणसं नेहमीसारखी बसवून, तेच माप पुन्हा घ्यायचं. दोन्हींतला फरक म्हणजे स्प्रिंग तेवढ्या वजनाने किती बसली. मागच्या चाकाला वर-खाली जी एकूण चाल असते, तिच्या साधारण एक तृतीयांश भाग बसलेल्या वजनाने दबला पाहिजे. फारच जास्त दबला तर खड्ड्यासाठी काही उरत नाही आणि 'खट्' होतं. फारच कमी दबला तर चाक खड्ड्यात खाली उतरत नाही, गाडी उडते. माझ्या गाडीची चाल मिस्त्रींनी आठ सेंटिमीटर धरली, म्हणजे हवं होतं पावणेतीनच्या आसपास. पिवळ्या जोडीवर मी बसलो आणि मागे सत्तेचाळीस किलो तांदळाचं पोतं ठेवलं, तर दबली सव्वा सेंटिमीटर.

नवीन जोडी घेताना या वेळी मी दुकानात वही घेऊन गेलो. लांब, डबीवाले शॉकअप का नकोत, हे मिस्त्रींनी आधीच सांगितलं होतं. मागची उंची वाढली की हँडल हलकं आणि चंचल होतं, चेनचा ताण बदलतो, साइड स्टँडवर गाडी नको तेवढी कलते. शिवाय कंपनीने ठरवलेल्या मापाबाहेर गाडीत फेरफार करायला १९८८च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं. त्याच मापाची, त्याच गाडीसाठी बनवलेली जोडी बदलली तर त्यात काही अडचण नाही. दुचाकींचे शॉकअप बनवणारे मोठे कारखाने तर आपल्याच महाराष्ट्रात आहेत, नाशिकला आहेत, छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूजला आहेत. आपल्या गाडीचा माल गाडीच्या नंबराने मागितला तर मिळतो. मी गाडीच्या मापाची, पाच पायऱ्यांची जोडी घेतली. जाड तार, रंग, डबी काही नाही. काळी, साधी.

या पाच पायऱ्यांबद्दल मला आधी काहीच माहीत नव्हतं आणि मला वाटतं बऱ्याच घरांत माहीत नसेल. स्प्रिंगच्या खाली पायऱ्या-पायऱ्यांची एक कडी असते. गाडीच्या टूलकिटमधल्या आकड्यासारख्या पान्याने ती फिरते. पहिल्या पायरीवर स्प्रिंग मोकळी, पाचव्यावर आधीच दाबून ठेवलेली. तार त्याने जाड होत नाही, पण ओझ्याखाली गाडीची मागची बाजू पुन्हा योग्य उंचीवर येते. दोन्ही बाजूंना एकच पायरी ठेवायची, नाहीतर गाडी तिरपी चालते. एका माणसाला खालची पायरी, ओझ्याला वरची. म्हणजे बाजाराला एक शॉकअप आणि अम्मीला दुसरा, असं दोन जोड्यांचं काम त्या एका कडीत होतं. गाडी थंड असताना आणि स्टँडवर असताना दोन मिनिटांचं काम आहे.

मात्र शॉकअपने सगळं होत नाही, हेही मला कबूल करावं लागलं. बासष्ट किलो आणि तेही चाकाच्या मागे लोंबणाऱ्या कॅरिअरवर, हे त्या गाडीच्या अंगाबाहेरचंच होतं. मागे लोंबलेलं ओझं काट्यावर भरतं त्यापेक्षा गाडीला जास्त जड पडतं, जसं लांब दांडीच्या टोकाला धरलेलं पातेलं हाताला जड पडतं. आता पेट्या दोन लहान केल्या, चाळीस किलोच्या आत. सीटवर, चाकाच्या पुढे येतील अशा बांधतो. सणासुदीला जास्त माल लागला तर दुसऱ्या बाजारकऱ्यासोबत टेम्पोत पाठवतो आणि भाडं वाटून घेतो. टेम्पोचं भाडं वाचवायला मी जाड स्प्रिंग घेतली होती. ते वाचलेलं भाडं चंद्रपूरच्या एका फेरीत संपलं.

चार महिन्यांनी डॉक्टरांनी अम्मीला हळूहळू सगळं करायची परवानगी दिली. गाडीवर बसायचं तर शक्यतो टाळा, बसलाच तर पट्टा बांधून आणि रस्ता चांगला असेल तेव्हाच, असं बजावलं. मी तर म्हणालो होतो, आता रिक्षाच. पण खाला नवरगावलाच होती आणि अम्मीने एके सकाळी स्वतःच विषय काढला. म्हणाली, "आधी माझ्या जागी बांगड्या बसव."

आम्ही ते खरोखर केलं. सीटवर सत्तेचाळीस किलोचं पोतं आणि त्याच्यावर एका डब्यात तणस घालून दोन डझन बांगड्या. मी पुलापर्यंत गेलो आणि परत आलो, चर अजून तशीच होती. कडी चौथ्या पायरीवर असताना तीन बांगड्या फुटल्या. दुसऱ्या पायरीवर, वेग विसाच्या आत ठेवून, एकही नाही. पोरीने वहीत लिहिलं, 'दादी – दोन'. पोत्याला मणका नसतो आणि बांगडीला वय नसतं, हे मलाही कळतं. पण एवढं पाहिल्यावर अम्मीचा धीर परत आला आणि माझाही.

घरोघरी अशी एक तरी गाडी आहे. मुलगा मित्रांसोबत जातो तेव्हा ती एक गाडी असते आणि आजीला घेऊन निघते तेव्हा दुसरी. शॉकअप बदलायचे असतील तर जरूर बदला. बसलेल्या, तेल गळणाऱ्या शॉकअपवर फिरू नका, ते स्वस्त पडत नाही. पण दुकानात जायच्या आधी घरातल्यांची वजनं माहीत करून घ्या. मागे कोण बसतं, कसं बसतं, कुणाची कंबर दुखते, कुणी पोटुशी आहे, ते पाहा. टायरमधली हवा गाडीवर लिहिल्याप्रमाणे ठेवा. हवा जास्त ठासली तरी तोच उभा दणका मागच्याच्या वाट्याला येतो. आणि घरात साठी-सत्तरीच्या बाई असतील तर त्यांची हाडं एकदा डॉक्टरांना दाखवा. आमच्या अम्मीचं हाड त्या दिवशी दबलं, पण ठिसूळ ते वर्षानुवर्षं होत होतं आणि आम्हा कुणाला पत्ता नव्हता.

गेल्या आठवड्यात आम्ही नवरगावला जाऊन आलो. निघताना मी पाना घेऊन बसलो, बाजाराची चौथी पायरी दुसऱ्यावर आणली. एक बाजू झाली तसा फोन वाजला आणि मी उठलो. बोलून आलो, हेल्मेट घातलं, किक मारायला पाय उचलला. अम्मी बसलीच नव्हती. पट्टा बांधून, खिरीचा डबा हातात घेऊन गाडीच्या दुसऱ्या बाजूला वाकून उभी होती.

"इकडची चारवरच आहे," ती म्हणाली.

मी उतरलो, पाना पुन्हा काढला आणि दुसरी बाजूही दोनवर आणली. मग तिने दोन्हीकडे एकदा पाहिलं, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "हं. आता चल."